सातवी तपासणी

माझा नवरा कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय सोडायचा नाही. जिना उतरताना विचारायचा, गॅस बंद केलास का. खाली गाडीपाशी पोचलो की पुन्हा, केलास ना नक्की? कुलूप लावलं की ओढून बघायचा, चार पायऱ्या उतरायचा आणि परत वर जाऊन ओढून बघायचा. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली पंधरा तरी मी यावरून त्याच्याशी भांडण्यात घालवली असतील. मला एकदा सांगितलेलं कळतं आणि एकदा विचारलेलं पुरतं. तेच कोणी दुसऱ्यांदा विचारलं की माझं डोकं फिरतं. हा माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

ज्ञानेश आणि मी नाशिकच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो. त्यामुळे घरात अरे-तुरे. सायखेड्याला सासूबाईंसमोर मात्र मी गुपचूप 'अहो'वर येते. दोघंही प्रोग्रामर. पोटासाठी कंपन्यांची कामं करायचो, पण त्याचा खरा जीव एका ड्रायव्हरमध्ये अडकलेला होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगणारा प्रोग्राम. ज्ञानेशचा ड्रायव्हर साबणाच्या वडीएवढ्या एका यंत्रासाठी होता. कांद्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, ते टांगून ठेवायचं, ते हवेतला ओलावा मोजणार, आणि ओलावा वाढला की शेजारचा लहानसा कॉम्प्युटर पंखे सुरू करणार.

त्याने तो लिहिला सुनीलसाठी. सुनील त्याचा सायखेड्याचा चुलतभाऊ, वयाने बराच लहान, मळ्यातली चाळ तोच बघतो. पण सुनीलपुरता ठेवला तर तो ज्ञानेश कसला. त्याने तो लिनक्सवाल्यांकडे, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर मिळून जी फुकट कॉम्प्युटर-प्रणाली बांधतात त्यांच्याकडे पाठवला, त्यांच्या शंभर शंकांना उत्तरं दिली आणि दीड वर्षाने तो त्यांच्या मुख्य साठ्यात जाऊन बसला. आता जगातल्या कुणीही तो फुकट घ्यावा, वाचावा, सुधारावा. फाईलच्या अगदी वर त्याचं नाव. सासूबाईंना यातलं ओ की ठो कळत नाही, पण 'आमच्या ज्ञानूचं नाव साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरात हाय' हे त्यांनी सायखेड्यातल्या प्रत्येक हळदीकुंकवात सांगितलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासता घासता बेसिनपाशी कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं ते गेलंच. शब्दांपैकी एकच उरला, तो म्हणजे 'हो'. चहा हवा का? हो. नको का? हो. पंखा लावू, हो. बंद करू, हो. आणि हे 'हो' तो इतक्या चटकन म्हणतो की माझा प्रश्न पुरता तोंडाबाहेरही पडलेला नसतो.

निकिता त्याला बोलायला शिकवायला यायची. पोरगी हुशार, आणि खोटी आशा न दाखवणारी. तिने पहिल्याच आठवड्यात नियम घालून दिला. ताई, प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, दुसऱ्यांदा उलटा करून. दोन्हीला 'हो' आलं, तर उत्तर मिळालंच नाही असं धरायचं. एकदा विचारून कधीही थांबायचं नाही, कारण आपल्याला हवं ते उत्तर आपण ऐकतो. म्हणजे बघा, जन्मभर ज्या सवयीवरून मी नवऱ्याला बोल लावले ती सवय आता माझ्याच गळ्यात पडली. दिवसातून पन्नास वेळा मी दोनदा विचारत होते, आणि पन्नास वेळा मला काहीच उत्तर मिळत नव्हतं.

त्याला समजतं किती, हे मी निकिताला विचारलं होतं. ती म्हणाली, सांगता येत नाही. कदाचित सगळं समजत असेल आणि बाहेर पडत नसेल, कदाचित आतही फारसं नसेल. तो बरा होईल ही आशा मी सहा महिन्यांतच सोडली होती. मला फक्त एवढंच हवं होतं की तो आत आहे असं कुणीतरी मला खात्रीने सांगावं. बाकी काहीही झेलायची माझी तयारी होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक मेल आली. लिनक्सच्या त्या भागाची देखरेख करणारा परदेशातला कुणी गृहस्थ होता. भाषा अगदी सभ्य. ज्ञानेशकडून वर्षभर एकाही पत्राला उत्तर नाही, या ड्रायव्हरला वाली उरलेला दिसत नाही, कुणी पुढे आलं नाही तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी तो काढून टाकावा लागेल. त्यांच्या दृष्टीने यात वावगं काहीच नाही. सांभाळायला माणूस नसलेला ड्रायव्हर ते काढतातच. पण मला ती मेल वाचून इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले आणि पांडवलेण्याच्या डोंगराकडे बघत उभी राहिले. माणूस खुर्चीत बसलेला आहे, श्वास घेतोय, आणि हे त्याचं नाव पुसायला निघाले आहेत.

मी लिहिलं की मी त्याची बायको, तो आजारी आहे, यापुढे ड्रायव्हर मी सांभाळते. त्यांनी दोन दिवसांत होकार दिला, सहानुभूतीही कळवली. फक्त एक म्हणाले, आधी थोडी सफाई करा. कोड तपासणारा त्यांचा एक प्रोग्राम आहे, त्याने या ड्रायव्हरमध्ये सात ठिकाणी बोट ठेवलं होतं. सातही ठिकाणी एकच तक्रार: ही तपासणी अनावश्यक आहे, हे आधीच विचारून झालेलं आहे.

मला हसू आलं. पंधरा वर्षं मी जे घसा फोडून सांगत होते ते आता एक यंत्र सांगत होतं. उदाहरणार्थ, मेमरीतली जागा परत करण्याआधी ज्ञानेश विचारायचा, मुळात ही जागा घेतली होती का. जागा परत घेणारा प्रोग्राम हे स्वतःच विचारतो, ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं. पण आमचे ज्ञानेशराव पुन्हा विचारणार. त्या ओळी वाचताना मला तो जिन्यात उभा राहून कुलूप ओढताना दिसत होता. खरं सांगते, त्या काढताना मला थोडी मजाही येणार होती.

तरी मी ठरवलं की त्याला विचारल्याशिवाय एकही ओळ काढायची नाही. कोड त्याचा होता. रोज चार वाजता चहा झाला की त्याची चाकाची खुर्ची खिडकीपाशी घ्यायची, समोरच्या ट्रेवर लॅपटॉप ठेवायचा, त्याच्या उजवीकडे बसून त्या दिवसाची ओळ दाखवायची, आणि निकिताच्या नियमाने दोनदा विचारायचं. ही काढू का? हो. की ठेवू? हो. तो पडद्याकडे बघायचा, पण त्याची नजर ओळीवरून फिरतेय की नुसती उजेडाकडे लागलीय, ते मला कळत नव्हतं. पहिल्या सहा तपासण्या अशाच गेल्या. त्या खरोखर निरुपयोगी होत्या, माझ्या अकलेने मी त्या काढल्या, आणि त्यात आजही मला चूक दिसत नाही.

सातवी जरा वेगळी होती. ओलावा मोजायचा तर आधी यंत्राला विचारायचं, आहेस का? आहे म्हणालं की त्याला जागं व्हायला वेळ द्यायचा, पापणी लवायला लागतो तेवढाच. मग आकडा वाचायचा. ज्ञानेशने वेळ दिल्यानंतर आणि आकडा वाचण्याआधी यंत्राला पुन्हा विचारलं होतं, आहेस का? तीन ओळी वर हाच प्रश्न. मधल्या ओळींत कुणी काही बदललेलं नाही. आणि का विचारलंय, याबद्दल शेजारी एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी त्याला ती ओळ दाखवली. म्हणाले, हे बघ, इथेही तेच, तुझं कुलूप ओढणं. ही काढू का?

"हो," तो म्हणाला.

मी ओळ निवडली, बोट बटणाकडे नेलं, आणि तेवढ्यात त्याने डाव्या हाताने माझं उजवं मनगट धरलं. चौदा महिन्यांत त्याने स्वतःहून मला हात लावला नव्हता. खुर्चीतून उठवताना तो माझा दंड धरायचा, पण ते मी त्याचा हात तिथे नेऊन ठेवायची म्हणून. हे त्याचं होतं. त्याने मनगट घट्ट आवळलं, आपल्याकडे ओढलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी त्याच्या हातावर डोकं टेकलं आणि रडले, हसलेही. तो आत होता. कोड बघून त्याला आपलं काम ओळखू आलं होतं, मी ते सांभाळतेय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला जे म्हणायचं होतं ते तो हाताने म्हणत होता. मला काय वाटलं ते मी आज लपवत नाही. ज्या उत्तरासाठी मी चौदा महिने थांबले होते ते मिळालं, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने मी त्याची बोटं हळूच सोडवली, त्यांचा मुका घेतला आणि बटण दाबलं. दुसरा प्रश्न मी विचारला नाही.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना फोन केले. सासूबाई फोनवरच रडायला लागल्या, आता लय दिवस नाय लागायचे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने वणीला जाऊन देवीची ओटी भरून आल्या. निकिता आली तेव्हा मी तिला मनगट दाखवलं. बांगडी रुतून वळ उठला होता, आणि वर चार बोटांच्या खुणा होत्या. ती खुणांकडे बराच वेळ बघत राहिली. तेव्हा तुम्ही त्यांना काय विचारत होतात, असं तिने विचारलं. मी म्हणाले, काही नाही गं, कामाचं दाखवत होते. तिने त्याची एक नोंद केली आणि पुढच्या पाठाला लागली.

सफाईचा पॅच, म्हणजे केलेल्या बदलांचा गठ्ठा, मी त्याच आठवड्यात पाठवला. परदेशातल्या गृहस्थांनी दोन शब्दांत शाबासकी दिली आणि तो घेतला. ड्रायव्हर वाचला, वरचं नाव वाचलं, आणि सांभाळणारी म्हणून खाली माझं नाव लागलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी हौसेने पुन्हा लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसले, तर त्याने तोंड फिरवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. लॅपटॉप ट्रेवर ठेवला की तो मान डावीकडे वळवून भिंतीकडे बघत बसायचा, आणि मी तो मिटेपर्यंत मान सरळ करायचा नाही. मी समजूत घातली, पाणी पाजलं, जुने फोटो उघडून दाखवले. त्याने बघितलं नाही. निकिता म्हणाली, होतं असं, एखादी उभारी येते आणि ओसरते. जून उजाडेपर्यंत तिचंही येणं आठवड्यातून तीन वेळांवरून एका वेळेवर आलं. दिवाळीनंतर बघू, असं ती म्हणाली. मला मात्र धीर होता. माझ्याजवळ ते मनगट होतं. रात्री झोपताना मी त्याच्यावरून हात फिरवायचे.

जुलैमध्ये मी स्वतः सायखेड्याला गेले आणि सुनीलच्या चाळीतल्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हरची नवी आवृत्ती चढवली. ते कुणी सांगितलं नव्हतं. जुनी बरी चालली होती. पण वर त्याचं आणि खाली माझं नाव असलेली आवृत्ती त्याच्याच मळ्यात चालावी अशी मला हौस. सुनीलने चहा पाजला, कोथिंबिरीच्या दोन मोठ्या जुड्या गाडीत ठेवल्या. दादाची तब्येत विचारली. मी मनगटाची गोष्ट त्यालाही सांगितली.

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात त्याचा फोन आला. वहिनी, जमलं तर येऊन जा, एवढंच म्हणाला. आवाजावरून मला कुणी गेलं असं वाटलं. म्हणून सकाळी ज्ञानेशचं करायला येणाऱ्या बाईंना त्याच्यापाशी बसवून मी निघाले.

चाळीच्या अलीकडे पन्नास पावलांवरच वास आला. सडक्या कांद्याचा वास नाकातून घशात उतरतो आणि तिथे राहतो. सुनील आणि त्याची बायको तेजल तोंडाला फडकं बांधून एका कप्प्यातला माल उपसत होते. वरचे कांदे दिसायला चांगले होते, हात घातला की आतून पाणी. खालचे काळे पडून एकमेकांना चिकटले होते. लासलगावच्या बाजारात नेण्यासारखं त्या बाजूला काही उरलं नव्हतं. दुसरी बाजू थोडीफार वाचली होती, ती ते निवडत होते. पंखे बंद होते. कॉम्प्युटरचा हिरवा दिवा लागलेला होता, पण आत तो गोठलेला होता. मी त्याची नोंद उघडून पाहिली. आठ दिवसांपूर्वी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी तो ओलाव्याचा आकडा वाचायला गेला होता. यंत्र जागेवर नव्हतं. जे नाही त्यातून आकडा वाचायला गेल्यावर तो तिथेच थांबला.

इतके दिवस पंखे बंद असल्याचं तुम्हाला दिसलं नाही का, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता, कारण मला आतून कळायला लागलं होतं. तेजलने फडकं खाली ओढून सांगितलं की पंखे आपलेआप चालतात न् बंद होतात, म्हणून तिकडं बघायची सवयच राहिली नव्हती. दादाचं मशीन हाय म्हटल्यावर कोण बघतंय. तिने ते सहज सांगितलं, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

सुनीलने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग काय बिघडलं असेल ते मी विचारायच्या आधी तोच बोलला.

"वहिनी, ह्याचसाठी तर दादा तीन दिवस या बाजंवर बसून व्हता. सकाळी थ्री फेजची पाळी बदलती ना, तवा लाईट नुसती डोळा मिचकावती. कॉम्प्युटरला बॅटरी हाय, त्याला कळत नाय. पण हे यंत्र पंख्याच्या लायनीवर, ते तेवढ्यात जाऊन येतं. दादा म्हणायचा, मी इचारतो तवा ते हाय म्हणतं, आन् वाचाया जातो तवर नाय. म्हणून वाचायच्या आधी परत इचारायचं. लय खूश झाला व्हता सापडलं तवा."

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी याच मळ्यातल्या घरात काढलं होतं. सकाळी शेतीच्या विजेची पाळी बदलली की लाईट डोळा मिचकावायची, मिक्सर मध्येच थांबून पुन्हा सुरू व्हायचा आणि अर्धी चटणी माझ्या अंगावर उडायची. त्या लाईटला मी रोज शिव्या दिल्या आहेत. परदेशातल्या त्या गृहस्थांना हे कुठून माहीत असणार? त्यांच्याकडे लाईट असते. तपासणाऱ्या प्रोग्रामला तर सायखेडा माहीत असायचं काही कारणच नाही. हे ओळखू शकेल असं या सगळ्यात एकच माणूस होतं, आणि ते मी. मी सुनीलला एक फोन केला असता तरी पुरलं असतं. पण एकदा विचारलेलं मला पुरतं.

सुनील मला वाटेपर्यंत सोडायला आला. होतं असं वहिनी, म्हणाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दादाला सांगू बी नका. मी मान डोलावली आणि गाडीत बसले. चांदोरीपर्यंत मला ज्ञानेशचा राग येत होता, भयंकर राग. जगाला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतोस, आणि का विचारतोस ते एकदाही लिहून ठेवत नाहीस. एक ओळ लिहिली असतीस. फक्त एक. मी मोठ्याने बोलत होते, शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली करून माझ्याकडे पाहिलं.

नाशिकमध्ये शिरताना सिग्नलला गाडी थांबली आणि स्टिअरिंगवरच्या माझ्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं.

उजवं मनगट. बटण दाबणाऱ्या हाताचं. मी त्याच्या उजवीकडे बसले होते, माझा डावा हात त्याला जवळ होता, तरी आपला डावा हात अंगावरून ओलांडून त्याने माझा उजवा पकडला होता. नुसता धरला नव्हता, लॅपटॉपपासून लांब ओढला होता. वळ उठेपर्यंत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोंडातून 'हो'शिवाय काही निघत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने हात वापरला. आणि मी काय केलं, तर त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्यांचा मुका घेतला आणि त्याच्यादेखत ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवसापासून तो लॅपटॉपकडे बघेनासा झाला होता. उभारी ओसरली नव्हती. जो माणूस आपलं ऐकत नाही त्याच्यापासून तो तोंड फिरवत होता. सहा महिने फिरवत होता, आणि ते मनगट कुरवाळून मी सुखाने झोपत होते. मागून हॉर्न वाजत होते. मला गाडी पुढे नेता येईना.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी परत घातली, आणि शेजारी तिचं कारण लिहिलं, पाच ओळींत, कुणालाही कळेल असं. गृहस्थांनी आभार मानले, असल्या भागातली अडचण आमच्या लक्षात आली नसती म्हणाले. दुरुस्ती मुख्य साठ्यात गेली. ड्रायव्हर आहे, नाव आहे. ज्यासाठी हे सगळं केलं ते सगळं जागेवर आहे, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

ज्ञानेशला विचारायला मला चार दिवस लागले. सुनील सांगू नका म्हणाला होता, पण माझ्याच्याने राहवेना. चार वाजता चहा केला, खुर्ची खिडकीपाशी घेतली. लॅपटॉप ट्रेवर ठेवला आणि परत घातलेली ओळ उघडली. त्याने मान वळवली. मी लॅपटॉप मिटून खाली ठेवला, त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. चाळ, सुनील, आठ वाजून दोन मिनिटं. चुकलं माझं, म्हणाले. तो भिंतीकडून माझ्याकडे वळला. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदाचा काटा फिरत होता.

"त्या दिवशी तू माझा हात धरलास, तो मला थांबवायला धरलास का?"

"हो," तो म्हणाला. नेहमीसारखंच, माझं वाक्य संपायच्या आत.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. या वेळी न विचारून चालणार नव्हतं.

"की तुला थांबवायचं नव्हतं, सहजच धरलास?"

तो बोलला नाही. वीस महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. त्याचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मी श्वास रोखून घड्याळाकडे बघत होते. माझा उजवा हात ट्रेवर होता, त्याच्या डाव्या हाताशेजारी, मुद्दाम ठेवलेला. त्याने तो धरला नाही. अकरा सेकंदांनी त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "हो."

दोन्हीला 'हो' आलं, म्हणजे नियमाने मला उत्तर मिळालेलं नाही. निकिताला फोन केला तर तीही तेच म्हणाली. अकरा सेकंद तो आत 'नाही' शोधत होता आणि त्याला ते सापडलं नाही, की त्याचं लक्ष मुळी प्रश्नावर नव्हतंच, हे कुणाला विचारावं मला कळत नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. चहा गार झाला होता, तो तसाच त्याला चमच्याने पाजला.